रीलसाठी नव्हे, उत्तरासाठी प्रश्न विचारा

अधिवेशन सुरू झालं की आपल्या मोबाइलवर एक ठरावीक व्हिडिओ येतो. आपले खासदार किंवा आमदार तावातावाने बोलतायत, मागे जोशपूर्ण संगीत, खाली 'शेर' अशी अक्षरं. आपण तो चार ग्रुपवर टाकतो. मंत्र्यांनी उत्तर काय दिलं, हे कुणी विचारत नाही. मला या सवयीशी भांडायचं आहे, आणि त्यासाठी मी मुद्दाम दोन रूक्ष विषय निवडतेय: डेटा संरक्षणाचा कायदा आणि मोफत कायदेशीर मदत. दोन्हींवर सभागृहांत प्रश्न येतात, पण एक एका खात्याला आणि दुसरा दुसऱ्या खात्याला. ते एकत्र विचारले जात नाहीत, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आवाजी मतदानाने मंजूर झाला. राज्यसभेत तो मंजूर झाला तेव्हा विरोधी पक्ष मणिपूरच्या प्रश्नावर सभात्याग करून बाहेर गेले होते. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. नागरिकांना हक्क देणाऱ्या मुख्य तरतुदींसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. एक गोष्ट मात्र ताबडतोब लागू झाली: माहिती अधिकाराला लावलेली कात्री.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये एक सुंदर तरतूद होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असा तिचा आशय. म्हणजे मालेगावचा यंत्रमाग कामगार आणि दिल्लीतला खासदार माहितीच्या दारात एकाच रांगेत उभे होते. ती तरतूद गेली. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढं कारण पुरतं. सरकार म्हणतं, कलम ८(२) शिल्लक आहे, जनहित मोठं असेल तर माहिती मिळेल. ते कलम आहे, खोटं नाही. पण जनहित मोठं आहे की नाही हे ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्याकडून आपण माहिती मागतोय. त्याच्यापुढे अपील लढवायला वकिलाची भाषा लागते.

म्हणून माझं म्हणणं असं की लोकप्रतिनिधीचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महाग झाला आहे. आपल्या हातातलं एक हत्यार बोथट झालं, त्यांच्या हातातलं तसंच आहे. ते त्यांनी रीलवर खर्च करू नये.

आता या कायद्यात आपल्यासाठी काय आहे ते बघा. श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा मसुदा आणि त्यानंतरचं २०१९ चं विधेयक, दोन्हींमध्ये 'संवेदनशील वैयक्तिक डेटा' असा वेगळा वर्ग होता. त्यात धार्मिक श्रद्धा होती, जात होती, आरोग्य होतं. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच नाही. तुमचा धर्म आणि तुमचा पिनकोड या कायद्याच्या नजरेत सारखेच. ज्या देशात नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं, तिथे ही बरोबरी कुणाच्या सोयीची आहे?

जानेवारी २०२२ आठवा. 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनींचे फोटो 'लिलावा'साठी लावले गेले. त्याआधी सहा महिने 'सुल्ली डील्स' होऊनही तपास रेंगाळला होता. बुल्ली बाई प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटका केल्या. हा नवा कायदा तेव्हा असता तर त्या मुलींच्या कामी आला असता का? कलम ३ सांगतं, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या डेटाला हा कायदा लागू नाही. फोटो त्यांनीच इन्स्टाग्राम-ट्विटरवर टाकलेले. विषय संपला. फौजदारी कायदा आहे, पण डेटा कायद्याने त्यांच्यासाठी दार उघडलेलंच नाही.

बरं, दार उघडलं अशी कल्पना करू. एखाद्या कर्ज देणाऱ्या ॲपने तुमचे संपर्क विकले. मंडळाने कंपनीला दंड ठोठावला. तो २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा पैसा जातो भारताच्या संचित निधीत. तुम्हाला भरपाई? एक रुपयाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ए मध्ये भरपाईची जी सोय होती, ती वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. आणि तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड. सरकारी यंत्रणांसाठी तर कलम १७(२) आहे: केंद्राने अधिसूचना काढली की ती यंत्रणा कायद्याच्या बाहेर.

अशा कायद्यासमोर वकिलाशिवाय कोण उभं राहणार?

इथे दुसरा विषय येतो. राज्यघटनेत अनुच्छेद ३९अ १९७६ साली आला. १९७९ च्या ज्या निकालाने मोफत वकिलाच्या हक्काला बळ दिलं, त्यावर बिहारच्या तुरुंगातल्या एका कच्च्या कैदी स्त्रीचं नाव आहे: हुसैनारा खातून. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ नुसार कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मुलांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना, कोठडीतल्या माणसालाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची उत्पन्न-मर्यादा आहे. आपल्या मोहल्ल्यात ही यादी किती जणांना माहीत आहे? १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक किती फोनमध्ये सेव्ह आहे? कच्च्या कैद्यांमधला मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे आपण भाषणात सांगतो. क्रमांक मात्र सांगत नाही.

याच कायद्यात 'न्यायालय' या शब्दाच्या व्याख्येत न्यायाधिकरणं आणि अर्धन्यायिक प्राधिकरणंही येतात. माझ्या वाचनाप्रमाणे डेटा संरक्षण मंडळापुढच्या तक्रारीसाठीही मोफत वकील मागता यायला हवा. सरकारला हे मान्य आहे का? लेखी उत्तर हवं. आमदारांनी विचारावं: प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर या कायद्याचं प्रशिक्षण घेतलेले वकील किती, आणि मदतीचा अर्ज उर्दूत मिळतो का? (कंपन्यांना सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठी-उर्दूतही, द्यावी लागणार आहे, मग सरकारी अर्जाला काय अडचण?) खासदारांनी विचारावं: धर्म संवेदनशील डेटातून का वगळला, आणि कलम १७(२) खाली कोणत्या यंत्रणांना सूट दिली?

उत्तर येईल, 'माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही'. तिथे थांबायचं नाही, राज्यात तोच प्रश्न लावायचा. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असं आलं तर ते आश्वासन धरलं जातं, आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. तिला पत्र लिहिणारा लोकप्रतिनिधी मला शेरापेक्षा जास्त आवडेल.

आणि थोडं घरातलं. रमजानमध्ये राशन किटच्या याद्या, आधारच्या झेरॉक्सचे फोटो, विधवा बहिणींचे पत्ते जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. हेतू नेक असतो, मान्य. पण हा कायदा फक्त कंपन्यांना नाही, संस्थांनाही आहे. सरकारला डेटाबद्दल विचारणाऱ्यांनी आधी त्या ग्रुपमधल्या याद्या डिलीट करायला लावाव्यात.

लोकसभेत प्रश्नाची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. दिवसाला वीसच तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागतात, अतारांकित २३० पर्यंत. तेव्हा प्रश्न अतारांकितच मागा, जिल्हानिहाय आणि वर्षनिहाय आकडे मागा, आणि अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात मसुदा त्यांच्या कार्यालयात नेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका.