थोरलीची हळद

गेले पंधरा दिवस आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एकच विषय आहे, तो म्हणजे 'ब्रिजर्टन'. माझ्या कॉलेजवयीन मुलीने एका संध्याकाळी मला सुनावलं, "आई, तू इंग्लिशची एम. ए. आणि तुला केट शर्मा माहीत नाही?" वर्गात जेन ऑस्टिन शिकवणाऱ्या बाईला हे लागणारच. त्यात उन्हाळ्याच्या सांडग्या-पापडांसाठी माझी अक्का आलेली. मग आम्ही तिघी बसलो आणि दुसऱ्या पर्वाचे आठही भाग चार संध्याकाळींत संपवले.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्युलिया क्विन या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका डिसेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर सुरू झाली. तिचं दुसरं पर्व मार्च २०२२ मध्ये आलं. काळ १८१४ चा, म्हणजे इंग्लंडमधला रीजन्सीचा. राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्याने १८११ पासून १८२० पर्यंत युवराज कारभार पाहत होता, म्हणून हे नाव. केट शर्मा आपली सावत्र आई मेरी आणि धाकटी बहीण एडविना यांना घेऊन मुंबईहून लंडनला येते. वडील वारलेले. केट २६ वर्षांची, म्हणजे तिथल्या हिशेबाने लग्नाचं वय उलटलेली. स्वतःचं काही नको, एडविनाला चांगलं स्थळ मिळालं की हिंदुस्थानात परत जाऊन मुलांना शिकवीन, असं तिने ठरवलेलं. राणी शार्लट एडविनाला हंगामातलं रत्न ठरवते. व्हायकाउंट अँथनी ब्रिजर्टन तिला मागणी घालतो आणि मन मात्र केटमध्ये गुंतवून बसतो.

या मालिकेच्या वाट्याला वाद नेहमीच आले. पहिल्या पर्वात डॅफनी मूल हवं म्हणून नवऱ्याची इच्छा डावलते, तेव्हा संमती काय फक्त बाईचीच विचारायची, असा प्रश्न उठला, आणि तो योग्यच होता. दुसऱ्या पर्वात वाद झाला तो शर्मा घराण्याच्या भाषेवर. केट वडिलांना 'अप्पा' म्हणते. धाकटीला बंगालीतलं 'बोन' म्हणते, धाकटी तिला 'दीदी'. आडनाव उत्तरेकडचं, आणि एडविनाला म्हणे मराठी आणि हिंदुस्थानी दोन्ही येतात! हे घर आहे तरी कुठलं, असं आपल्याकडच्या अनेकांनी विचारलं.

मुलगी हसून म्हणाली, "आई, हे तर आपलंच घर!" खोटं नाही. माझे वडील आम्हाला अप्पा, आई ही आई, धारवाडकडची आजी अव्वा आणि थोरली बहीण अक्का. अण्णा, अक्का, अप्पा ही नाती मराठीने कन्नडकडून घेतली, असं अभ्यासक सांगतात. 'ऊट आत?' असं विचारायचं आणि 'जेवलो की' असं उत्तर ऐकायचं, हे बेळगावात नवं नाही. तरीही आक्षेप घेणाऱ्यांचं मला अर्धं पटतं. आपल्या सरमिसळीमागे कुणाचं तरी माहेर असतं, कुणाची तरी बदली असते. शर्मांच्या घरात बंगाली कुठून आली, हे मालिका एका वाक्याने सांगू शकली असती. ते तिने केलं नाही, म्हणून ती सरमिसळ वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखी वाटते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. मालिकेतल्या लंडनमध्ये रंगावरून कुणी कुणाला अडवत नाही. खरं पाहता १८१४ मध्ये पुण्याला दुसरा बाजीराव गादीवर होता आणि चारच वर्षांनी, १८१८ मध्ये, आपला बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला. मालिकेत कंपनी सरकार जणू नाहीच. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये हिंदी माणसं होती, हे मात्र कल्पित नाही. शेख दीन महोमेद यांनी १८१० मध्ये लंडनात हिंदुस्थानी खाण्याचं कॉफी हाऊस काढलं होतं. हैदराबादचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची मुलगी किटी तर १८०५ मध्ये, अवघ्या तीन वर्षांची असताना, भावाबरोबर तिकडे धाडली गेली. त्याच वर्षी बाप वारला. १८१३ मध्ये आई गेली. आईची आणि मुलांची पुन्हा भेट झाली नाही. केटची गोष्ट रचलेली आहे. किटीची घडलेली आहे, आणि तिच्यात नाचगाणं नाही.

आता तिसरा वाद, आणि आमच्या घरात तोच पेटला. मूळ कादंबरीत मधमाशी केटला डसते, त्या गडबडीत अँथनी तिच्या नको तितका जवळ गेलेला लोकांना दिसतो, आणि बभ्रा टाळायला दोघांचं लग्न लागतं. एडविनाचं त्यात फारसं काही बिघडत नाही. मालिकेने हे बदललं. एडविनाला थेट बोहल्यापर्यंत नेलं. केटच्या हातातली बांगडी खाली पडते, अँथनी वाकून ती उचलून देतो आणि तेवढ्यावरून धाकटी सगळं ओळखते. लग्न मोडतं. दोन बहिणींमध्ये एक पुरुष एवढा वेळ ताणायला नको होता, एडविनावर अन्याय झाला, असं पुष्कळ प्रेक्षकांचं मत पडलं.

मी केटच्या बाजूने होते. मला वाटतं, ही दोन थोरल्यांची प्रेमकथा आहे. अँथनीचे वडील मधमाशी डसून गेले, तेव्हापासून पोरवयातच घर त्याच्या खांद्यावर. केटचंही तेच. तिने एक गोष्ट लपवून ठेवलेली असते: एडविनाने सरदार घराण्यात लग्न केलं, तरच मेरीचे आईवडील पैसा देणार. त्या काळी लग्न झालं की बाईची रोकड आणि दागिने नवऱ्याच्या मालकीचे होत. ते कायदे १८७० आणि १८८२ मध्ये बदलले. अशा जगात थोरलीने हिशेब केला तर काय चुकलं? धाकटीला कळू न देता ती सगळं पेलते, तिच्या केसांना तेल लावते, आणि स्वतःला काय हवं ते शेवटपर्यंत उच्चारत नाही.

एडविनाच्या हळदीचा प्रसंग लागला, तेव्हा मागे 'कभी खुशी कभी गम'ची धून वाजत होती. मुलगी नाचायला उठली. अक्काही उठली, पण स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. "होगली बिडू," ती म्हणाली. जाऊ दे. आमच्या अक्काचं हे पेटंट वाक्य आहे. साडी फाटली, होगली बिडू. बढती हुकली, होगली बिडू. पण या वेळी मी जाऊ दिलं नाही.

अप्पा १९९० मध्ये गेले. अक्का बावीसची, दादा सतरा, मी बारा. अक्काने शाळेत नोकरी धरली. अक्काला लग्नच करायचं नव्हतं, असं आम्हाला नेहमी सांगितलं गेलं आणि मी ते मानलंही. त्या रात्री ओट्याशी उभी राहून तिने सांगितलं की १९९४ मध्ये एक स्थळ आलं होतं. बँकेतला माणूस, हुबळीचा, हुंडा नको म्हणणारा. तिलाही तो आवडला होता. तिने चार वर्षं थांबायला सांगितलं, माझं शिक्षण होईपर्यंत. त्याच्या घरच्यांना थांबवेना. तेव्हा ती २६ वर्षांची होती.

खरं सांगू? मला आधी कृतज्ञता नाही वाटली. राग आला. एवढं कर्ज माझ्या नावावर चढवलं आणि मला विचारलंही नाही? मी तसं बोलूनही गेले. अक्का शांतपणे म्हणाली, "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"मुळीच नाही."

"मग? म्हणून तर नाही विचारलं."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आजही नाही. पण एडविना बहिणीवर एवढी का चिडते, ते मला त्या रात्री कळलं. आपल्यासाठी कुणी झिजतं याचं दुःख असतंच, पण आपल्याला लहान ठेवून ते केलं जातं, ते जास्त बोचतं. मालिकेने धाकटीला बोहल्यापर्यंत नेलं म्हणून लोक रागावले. मला आता वाटतं, ते बरं केलं. कादंबरीत तिला रागावायची वेळच येत नाही. इथे तिला भर मांडवातून, स्वतःच्या तोंडाने, 'नाही' म्हणता आलं.

आणि केटला शेवटी अँथनी मिळतो. पडद्यावर तेवढं सोपं असतं. आमच्या अक्काला निवृत्तीच्या हिशेबाचे कागद मिळाले.

पुढच्या महिन्यात दादाच्या मुलीचं लग्न आहे. आपल्याकडे हळद लावायला सवाष्णी पुढे असतात आणि अक्कासारख्या बायका आतून वाट्या भरून देतात. आजवर आमच्या घरच्या प्रत्येक हळदीला तिने तेच केलं आणि मला त्यात काही खटकलं नाही. या वेळी पहिली हळद अक्काने लावायची, असं मी आणि वहिनीने ठरवलं. पण ठरवण्याआधी तिला विचारलं, हे नवीन.

अक्का म्हणाली, "बघू या."

होगली बिडू म्हणाली नाही, एवढं खरं.