'राजी' परत येतेय! दुसऱ्या भागात काय सुधारायला हवं?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ, भोवती राजस्थानी धाटणीचे महाल. २०२५ मध्ये 'राजी : कलियुग' या दुसऱ्या भागाची घोषणा झाली. त्यात काय बदलावं?

लांबी : पहिला भाग पाच-सहा तासांत संपतो, तोही ऐन रंगात आल्यावर. या वेळी गोष्ट पूर्ण हवी.

कॅमेरा : तो खेळाडूला फिरवता येत नव्हता. त्यामुळे उडी मारताना अंदाज चुकायचा.

भाषा : हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. पुण्यात बनणाऱ्या गेमला पहिल्या दिवसापासून निदान मराठी सबटायटल्स हवीत.

जागा : राजस्थान झालं, आता विदर्भ का नको? चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, त्याच्या दरवाजांवरचं सिंह-हत्तीचं शिल्प, वैनगंगेकाठची मार्कंड्याची मंदिरं; एक अख्खी लेव्हल इथे तयार आहे.

फोन : सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. नवा भाग पीसी आणि कन्सोलसाठी आहे. पहिला भाग नंतर नेटफ्लिक्समार्फत मोबाइलवर आला, तसा हाही यावा. एकदा डाउनलोड केला की नेटशिवाय चालावा. कारण गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रेंज कधी जाईल, सांगता येत नाही.

ग्राफिक्सवर ट्रेलर गाजतो. पण आपल्या मातीतला गेम एटापल्ली किंवा सिरोंचातल्या पोराला खेळताच आला नाही, तर तो आपला कसा?