खटक्याची हौस आणि खिशातला चाकू

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळाच्या मखराचे काम चालले होते. खांब उभे राहिले होते, झालर लावायची होती आणि दोरी कापायला काही म्हणता काही सापडत नव्हते. कात्री एकच, आणि ती हारांच्या टेबलाकडे गेलेली. इतक्यात एका तरुण कार्यकर्त्याने खिशातून एक काळी, जाडजूड वस्तू काढली, बोटाने कुठेतरी जरासे दाबले आणि 'खट्ट' असा आवाज होऊन बोटभर लांबीचे पाते बाहेर आले. दोरी एका ओढीत तुटली. पण दोरीकडे पाहतो कोण! हॉलमधली सारी पोरे त्याच्याभोवती जमली. "काका, परत उघडा ना!" काकांनीही मग तो चाकू हौसेने पाच-सहा वेळा उघडून दाखवला.

मी जवळ गेलो तेव्हा त्याने तो माझ्या हातात दिला. हत्यारांची मला जुनी आवड आहे, हे त्याला ठाऊक. म्हणाला, "काका, रोजच्या वापरासाठी घेतलाय. एकदम मजबूत आहे. तुम्ही महिनाभर वापरा आणि खरं काय ते सांगा." मी महिनाभर तो खिशात बाळगला. त्याला जे सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे. असे चाकू आता येथे कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात, आणि आपली तरुण मंडळी ते कौतुकाने घेतात, म्हणून हा प्रपंच.

प्रथम हा चाकू आहे काय, ते पाहू. हिंदी चित्रपटातला खटक्याचा चाकू तो हा नव्हे. खटक्याच्या चाकूत मुठीवरचे बटण दाबले की पाते आपोआप बाहेर उसळते. अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९५८ साली कायद्याने बंदी घातली. आमच्या तरुण मित्राच्या चाकूला बटण नाही. पात्यालाच मागे एक छोटा कान ठेवलेला असतो. तो बोटाने दाबला की पाते थोडेसे बाहेर सरकते. तेवढ्या अंतरात आतली रचना पात्याला मिटलेल्या बाजूलाच ओढत असते, म्हणजे जोर आपल्या बोटाचाच लागतो. ठरावीक कोन ओलांडला की मग मुठीतली स्प्रिंग पुढचे काम अंगावर घेते आणि पाते खटकन जागेवर जाऊन अडकते. हवाई बेटांवरचे चाकू-कारागीर केन अनियन यांनी कर्शॉ कंपनीसाठी अशी रचना केली आणि १९९० नंतरच्या दशकात ती लोकप्रिय झाली. २००९ साली केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन अशा चाकूंना स्पष्ट सूट मिळाली. कायद्याने पाहिलेला फरक एवढाच, की पाते हलवायची सुरुवात माणसाचे बोट करते की मुठीतले बटण.

आता गुण सांगतो, कारण गुण आहेत. एका हाताने तो बिनचूक उघडतो. पाते उघडल्यावर पक्के बसते, हलत नाही, जोर दिला तरी मिटत नाही. शिडीवर उभे राहून एका हाताने दोर धरलेला आहे, बोटीवर काम चालले आहे, हातात जाड मोजे आहेत, अशा माणसाला हा चाकू खरोखर उपयोगाचा. तसे ज्याचे काम असेल त्याने तो जरूर घ्यावा. माझे त्याच्याशी भांडण नाही.

पण प्रश्न रोजच्या वापराचा होता. म्हणून मी महिनाभर काय काय कापले ते आठवून पाहिले. टपालाने आलेली खोकी, तांदळाच्या पिशवीची शिवण, सत्यनारायणासाठी आणलेले केळीचे खुंट, तोरणाचा दोरा, नव्या सदऱ्याची चिठ्ठी आणि दुपारच्या डब्यातले सफरचंद. या साऱ्या महिन्यात एकदाही अशी वेळ आली नाही, की चाकू अर्ध्या सेकंदाऐवजी तीन सेकंदांत उघडला असता तर माझे काही बिघडले असते. ज्या एका गोष्टीसाठी या चाकूचे पैसे मोजायचे, तिची मला गरजच पडली नाही.

कापण्याच्या बाबतीत तर जाडी आडवी येते. या 'मजबूत' चाकूचे पाते पाठीशी जवळजवळ चार मिलिमीटर जाड आहे. आपल्या स्वयंपाकघरातली साधी सुरी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असते. धार कितीही तीक्ष्ण असली तरी धारेमागून पाचर येते ती पात्याच्या जाडीची. त्यामुळे या चाकूने सफरचंद चिरले जात नाही, तडकते. जाड पुठ्ठ्यात तो अर्ध्यावर रुततो आणि मग ओढाताण करावी लागते. लाकडात खुपसून उचकटायला तो बरा असेल, पण रोज उठून उचकटण्यासारखे आपल्या घरात असते काय?

वजनाचेही तेच. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो २१० ग्रॅम भरला. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा साधा चाकू साठ ग्रॅमच्या आसपास असतो, वर त्यात डबे उघडायचे हत्यार आणि पेचकस असतो. फ्रान्सच्या सवॉय भागात १८९० पासून बनणारा ओपिनेलचा आठ नंबरचा लाकडी मुठीचा चाकू त्याहूनही हलका. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, म्हणजे आमच्या मित्राच्या चाकूएवढेच. १९५५ पासून त्याला पाते अडकवणारी फिरती कडीही आली. शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या तो वापरला, पण तो कमजोर पडला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

याचे पोलाद उंची आहे, हे कबूल. एस-३०-व्ही नावाच्या या पोलादात चार टक्के व्हॅनेडियम असते, त्यामुळे धार पुष्कळ दिवस टिकते. पण बोथट झाली की साध्या दगडाला ती लवकर दाद देत नाही, हिऱ्याच्या कणांची पट्टी विकत आणावी लागते. दगडावर चार हात मारून धार लावण्याची सवय असलेल्या घरात हा चाकू बोथटच पडून राहण्याचा संभव अधिक.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुकानदार हा चाकू उघडून दाखवतो, मिटून दाखवताना मात्र पटकन आटोपते घेतो. उघडताना मदत करणारी स्प्रिंग मिटताना आपल्या विरुद्ध असते. अंगठ्याने आतली पट्टी बाजूला दाबून धरायची आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध पाते आत ढकलायचे. अर्ध्यात हात ढिला पडला तर पाते परत उघडू पाहते, आणि शेवटच्या टप्प्यात तेच पाते एकदम आतल्या बाजूला झेप घेते. पट्टी दाबणारा अंगठा नेमका त्या वाटेवर असतो. तिसऱ्या दिवशी माझा अंगठा तेथे राहिला. जखम फार नव्हती, पण दोन दिवस भात कालवताना आठवण होत होती.

तेव्हा मला आमच्या आजीची विळी आठवली. विळीही मिटते. पण विळीवर पाते स्थिर आणि हात हलतो, त्यामुळे पाते कुठे आहे हे दर क्षणी ठाऊक असते. काम झाल्यावर पाते आडवे केल्याशिवाय आजी उठत नसे, आणि कोणाला उठू देत नसे. पाते उघडे ठेवून फोडणीकडे धावलेल्या सुनेला तिने काय ऐकवले ते अजून कानात आहे. हत्यार कसे मिटते यावरून ते घरात ठेवायचे की नाही हे ठरवावे, हा धडा मी तिच्याकडून शिकलो होतो आणि दुकानात विसरलो असतो.

कायद्याकडे वळतो. केंद्राने सूट दिली म्हणून सगळीकडे मोकळीक, असे नाही. आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियात दोन इंच किंवा त्याहून लांब पात्याचा खटक्याचा चाकू बाळगता येत नाही. एका हाताने उघडणाऱ्या चाकूला सूट आहे, पण ती पात्याला मिटलेल्या जागी धरून ठेवणारा अटकाव शाबूत असेल तरच. खिशातल्या कचऱ्याने, झिजेने किंवा हौसेने ढिला केलेल्या स्क्रूमुळे पाते मनगटाच्या झटक्याने उघडू लागले, तर ती सूट धोक्यात येते. म्हणजे विकत घेताना कायदेशीर असलेली वस्तू दोन वर्षांनी खिशातल्या खिशात बेकायदा होऊ शकते.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की याच राज्यात बारावीपर्यंतच्या शाळेच्या आवारात अडीच इंचांहून लांब पात्याचा चाकू नेणे गुन्हा आहे, आणि उघडल्यावर अडकून बसणारा घडीचा चाकू तर लांबी कितीही असो, चालत नाही. काही अपवाद आहेत, पण मखराची झालर त्यांत बसेल असे मला वाटत नाही. वाचकहो, आमचा गणपती कोठे बसतो? भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात. रविवारची मराठी शाळा कोठे भरते? त्याच इमारतीत. ज्या मुलांसमोर पाच-सहा वेळा 'खट्ट' झाले, ती मुले सोमवारी तसल्याच इमारतीत वर्गात बसतात. त्यांतल्या एखाद्याने काकांचे पाहून घरातला चाकू दप्तरात घातला, तर शाळेतून काढून टाकण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्या वेळी "आम्ही फक्त दोरी कापली" हे उत्तर कोणाच्या उपयोगी पडणार?

प्रवासाचेही पाहा. २००१ च्या सप्टेंबरपूर्वी चार इंचांखालचा चाकू येथे विमानात नेता येई. आता कोणताच चाकू हातातल्या सामानात चालत नाही, गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकावा लागतो. तेही मुंबईला जाताना वाटेत बहिणीकडे लंडनला उतरणार असाल तर करू नका. तेथे २०१९ च्या कायद्याने खटक्याच्या चाकूची व्याख्या वाढवली, त्यात हे स्प्रिंगच्या मदतीने उघडणारे चाकूही आले, आणि २०२१ पासून इंग्लंडमध्ये असा चाकू घरात ठेवणेसुद्धा गुन्हा ठरला आहे.

या चाकूचे आकर्षण त्या आवाजात आहे, हे मी मान्य करतो. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग पाहिलेल्या पिढीने तरुणांना नावे ठेवू नयेत. मीही तो चाकू महिनाभरात कामासाठी उघडला त्याहून अधिक वेळा नुसताच उघडला असेन. पण हौस ही हौस म्हणून करावी. तिला 'रोजचा वापर' असे नाव दिले की आपण स्वतःलाच फसवतो.

म्हणून मी त्या तरुणाला सांगितले : बाबा रे, चाकू वाईट नाही, तुझ्या खिशात तो चुकीच्या जागी आहे. गॅरेजमधल्या हत्यारांच्या पेटीत कुलूप लावून ठेव, तळ ठोकून डोंगरात राहायला जाशील तेव्हा ने. रोजसाठी पातळ पात्याचा, हलका, स्प्रिंग नसलेला छोटा चाकू घे. घेताना दुकानात उघडून पाहण्याआधी दहा वेळा मिटून पाहा. शक्य असेल तर एक सफरचंद कापून पाहा. आणि आपण आठवडाभरात कुठे कुठे जातो ते मनात आण. त्यातल्या निम्म्या ठिकाणी जो चाकू गाडीत ठेवून जावे लागते, तो रोजचा चाकू नव्हे.

त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "पटतंय काका, पण त्या छोट्याला मजा नाही." मी म्हटले, नाहीच. रोजच्या वस्तूला मजा नसते, म्हणूनच ती रोज चालते.

असो. यंदा मखराच्या सामानात चार चांगल्या कात्र्या घालाव्यात, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. इतर मंडळांनीही तसे करावे, म्हणजे झालर लावताना कोणाच्या खिशाकडे पाहण्याची वेळ येणार नाही.