नत्राची गळती आधी बुजवा

कांद्याला टाकलेल्या नत्रापैकी बहुतेक वेळा निम्म्याहून कमी नत्र कांद्यात उतरते. उरलेले कुठे जाते, हे शेतकरी सहसा विचारत नाही आणि त्याला सल्ला देणारेही विचारत नाहीत. चर्चा होते ती अजून किती टाकायचे याची. नैसर्गिक शेतीच्या प्रचाराचेही तेच. युरियाच्या जागी शेणखत, पेंड किंवा जीवामृत आले, तरी बोलणे टाकण्याबद्दलच चालू राहते. भाजीपाल्याच्या जमिनीला गरज आहे ती गळती बुजवण्याची, आणि ती बुजवायची बहुतेक साधने गावातच आहेत.

नत्र तीन वाटांनी जाते. युरिया किंवा गोमूत्र जमिनीवर पडले की त्यातून अमोनिया तयार होतो. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यातील काळ्या जमिनींचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो, त्यात चुनखडीची भर. अशा जमिनीवर नुसते फेकलेले खत काही दिवसांतच हवेला लागते. मातीत शिरलेल्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण भार आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जाते. तिसरी वाट चिबड रानाची. पाणी साचून हवा कोंडली की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने बाहेर पडते. त्यातला नायट्रस ऑक्साइड तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट घातक ठरतो.

कांदा या गळतीचा पहिला बळी. त्याची बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीत असतात, त्याखाली उतरलेले नायट्रेट त्याच्या हाती लागत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे. अर्धे लागवडीवेळी आणि उरलेले दीड महिन्याच्या आत द्यायचे असते. प्रत्यक्षात पात पिवळी दिसली की पुढेही युरिया फेकला जातो. नीमलेपित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा हात आखडता घेण्याचे कारणही उरत नाही. पण दोन महिन्यांनंतर मिळालेल्या नत्राने पात माजते, मान जाड राहते आणि असा कांदा चाळीत आधी सडतो. फुलकिड्यांनाही लुसलुशीत पातच आवडते.

सेंद्रिय खताची गळती मात्र शेतात पोचण्याआधीच सुरू होते, उकिरड्यावर. उघड्यावर, उन्हात रचलेल्या शेणाच्या ढिगाजवळ नाकाला झोंबणारा वास येतो, तो उडून जाणाऱ्या अमोनियाचा. गोठ्यातले मूत्र तर बहुतेक ठिकाणी मोरीवाटे वाहून जाते, आणि जनावराच्या शेणापेक्षा मूत्रात नत्राचे प्रमाण जास्त असते. पुढे एप्रिल-मेमध्ये गाड्या रिकाम्या होतात, रानात ढिगांच्या रांगा लागतात आणि पाऊस येईपर्यंत महिना-दीड महिना ते उन्हात वाळत राहतात. जूनमध्ये पसरले जाते त्या शेणखतात नत्र थोडेच उरलेले असते. खत सावलीतल्या खड्ड्यात, मातीचा थर देऊन कुजवणे, गोठ्यात काडीकचरा अंथरून मूत्र शोषून घेणे आणि पसरल्या दिवशीच कुळवाने मातीत मिसळणे, या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. हेक्टरी २० टन म्हणजे १०० किलो, पण पहिल्या वर्षी पिकाला मिळते ते त्यातले साधारण एक तृतीयांश. बाकीचे जमिनीच्या खाती जमा होते आणि सावकाश मिळते. अर्धवट कुजलेले खत किंवा उसाचे पाचट लागवडीच्या तोंडावर गाडले, तर जिवाणू आपली भूक भागवण्यासाठी मातीतलेच नत्र उचलतात आणि रोपे पिवळी पडतात. तेच पाचट वर आच्छादन म्हणून पसरले तर ओल टिकते आणि नत्राची ही ओढाताण फारशी होत नाही.

सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या जीवामृताबद्दलही हिशेब मांडायला हवा. एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. या सगळ्यात मिळून नत्र भरते पाव किलोच्या आसपास. महिन्यातून दोनदा दिले तरी कांद्याच्या हंगामात दोन किलो. एकराची गरज ४० किलोची. जीवामृताचा उपयोग असेल तर तो जिवाणूंना चालना देण्याचा आहे आणि जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली गेलेल्या रानात नुसते जीवामृत म्हणजे उपाशी माणसाला चूर्ण देण्यासारखे. जीवामृताला खत म्हणणे चूक, त्याला थोतांड म्हणणेही चूक.

नत्र बाहेरून आणायचेच तर हवेत ७८ टक्के आहे आणि ते उतरवण्याचे काम द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी करतात. जुन्या शेतकऱ्याच्या तोंडी यासाठी बेवड हा नेमका शब्द आहे: मुगाचा बेवड, भुईमुगाचा बेवड, म्हणजे त्या पिकाने मागे ठेवलेला कस. सलग कांद्यावर कांदा घेण्याच्या नादात तो गेला. ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्यांनी, फुलोऱ्यावर येता येता गाडला तर हेक्टरी साधारण ६० ते ९० किलो नत्र मिळू शकते. अडचण वेळेची आहे. जूनमध्ये पेरलेला ताग ऑगस्टच्या सुरुवातीला गाडला जातो, महिन्याभरात त्याचे नायट्रेट होऊ लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागणाऱ्या रांगड्या कांद्याला ते बरोबर सापडते. डिसेंबरात लागणाऱ्या उन्हाळी कांद्यासाठी मात्र त्यातले बरेचसे परतीच्या पावसात वाहून गेलेले असते. तिथे खरिपात मूग, उडीद किंवा सोयाबीन घेऊन त्यांचा पाला रानातच जिरवणे अधिक शहाणपणाचे. बांधावर गिरिपुष्प असेल तर त्याचा कोवळा पाला हवा तेव्हा छाटून घालता येतो.

निंबोळी पेंडीचे काम थोडे वेगळे. तिच्यात स्वतःचे नत्र आहेच, शिवाय तिच्यातील कडू द्रव्ये अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात. सरकारने २०१५मध्ये सगळा देशी युरिया नीमलेपित करणे बंधनकारक केले ते याच गुणासाठी. त्याआधीही १०० किलो युरियाला २० किलो पेंडीचा चुरा चोळून देण्याची शिफारस होतीच.

पाणी न आवरता नत्र आवरणार नाही. सपाट वाफ्यात मोकाट पाणी सोडले की नायट्रेट मुळांखाली ढकलले जाते. गादीवाफा, ठिबक आणि वाफसा पाहून दिलेले पाणी हा त्यावर उपाय. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात जांभ्या जमिनीतले नायट्रेट धुपून जाणारच. तिथल्या भाजीला पावसाळ्याआधी एकदम खत देण्यात अर्थ नाही, ते थोडे थोडे द्यायला हवे.

मुळांखाली गेलेले नायट्रेट विहिरीत येते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशभरातील जवळजवळ एक पंचमांश नमुने त्या मर्यादेबाहेर निघाले. तान्ह्या मुलांच्या रक्ताला त्याचा धोका, हे सांगितले जाते. शेतीचा हिशेब कोणी सांगत नाही. मर्यादेइतके नायट्रेट असलेल्या पाण्याची १ सेंटिमीटर पाळी हेक्टरला दिली की १ किलो नत्र आपसूक पडते. उन्हाळी कांद्याला हंगामभरात ५० सेंटिमीटर पाणी लागले, तर शिफारशीच्या निम्मे नत्र विहिरीतूनच आलेले असते, आणि त्यावर पुन्हा पूर्ण मात्रा टाकली जाते. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ तपासण्या होतात. त्यांत विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटचा रकाना नाही. भाजीपाल्याच्या गावांपुरता तरी तो तातडीने घालावा.