तिकिटाचे पैसे जातात कुठे?

मैत्रिणींनो, गेल्या डिसेंबरात नणंदबाई पुण्याहून आल्या, म्हणून दाजीपूरला जायचं ठरलं. पहाटे उठून धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी असा डबा बांधला. नाक्यावर माणसांचं तिकीट, गाडीचं वेगळं, वाटाड्याचे वेगळे! हिशेबाची खोड माझी, चटकन म्हणाले, "धाकटा अकराचाच आहे हो." तर धाकटा मागून ओरडला, "आई, मला तेरावं लागलंय!" शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी! मुकाट्यानं पूर्ण तिकीट काढलं.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, झाडं काय ह्यांनी लावलीत? बघायचे पैसे कसले?"

प्रश्न वावगा नव्हता बरं का! हे रान पूर्वी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, 1985 साली वाढवून राधानगरी अभयारण्य केलं. आता ते 351 चौरस किलोमीटर आहे. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीतही गेलं. पण रान आपोआप राखलं जात नाही. उन्हाळ्यापूर्वी वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या, पाणवठे साफ ठेवायचे, रात्री-अपरात्री गस्त घालायची. पायी हिंडणाऱ्या माणसाला बूट, बॅटरी आणि वेळेवर पगार नको का?

आता पैसे जातात कुठे, ते पाहा. एकत्र कुटुंबात सुनेची कमाई सासूबाईंच्या कपाटात जाते आणि मग सुईदोऱ्यासाठीही तिला हात पसरावा लागतो, तशातली गत. तिकिटाचा पैसा सरकारी तिजोरीत गेला, की रानाला परत किती आणि कधी मिळेल, हे वरचे ठरवणार. वाघांच्या रानांपुरती ही अडचण 2006 साली कायद्यात दुरुस्ती करून सोडवली. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचं स्वतःचं प्रतिष्ठान असावं आणि प्रवेशशुल्क तिथंच राहावं, अशी तरतूद झाली. चंद्रपूरकडच्या ताडोब्याचं असं प्रतिष्ठान आहे. सुनेच्या हाती तिचा स्वतःचा डबा आला म्हणा ना!

राधानगरी मात्र व्याघ्र प्रकल्प नाही, तेव्हा तो कायदा इथं लागू नाही. शिवाय वाघासाठी लोक लांबून येतात, गव्यासाठी तेवढे कुठले? पावसाळ्यात तर रान बंदच असतं. 2020 साली टाळेबंदीत सगळीकडची तिकीटविक्री थांबली, पण पाणवठे थोडेच थांबले? नुसत्या तिकिटावर रान चालवावं, हे मला काही पटत नाही. सरकारी अनुदान हवंच. आणि पैशापायी गर्दी वाढवली तर रानच तुडवलं जाईल. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर हाच धोका ओळखून फुलांच्या दिवसांत रोजच्या माणसांवर मर्यादा घातली. शुल्क गोळा करण्याचं आणि राखणीचं काम आसपासच्या गावांची समिती बघते, म्हणजे त्या पैशातून गावातल्या हातांना काम मिळतं.

परतताना एका घरी चहाला थांबलो. वन्संनी तिथंही तिकिटाचं गाऱ्हाणं काढलं. चहा देणारी बाई हसून म्हणाली, "आमी रोज बिनतिकिटाचा गवा बघतोय की, पण उसात!" नुकसानभरपाईचा अर्ज करून ती वाट बघत होती.

वन्सं गप्पच झाल्या. तिकिटाची पावती मी डायरीत ठेवली आहे. जानेवारीत शाळेच्या मुलींना घेऊन पुन्हा जायचंय, तेव्हा नाक्यावर विचारणार आहे, "ह्यातलं रानाला किती आणि त्या बाईच्या गावाला किती?" तुम्हीही गेलात तर विचारा आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.