हद्दीपर्यंतचं अर्धं तिकीट

समजा, दुधनीच्या एका घरातल्या दोन बहिणी. थोरली दिली अक्कलकोटात, धाकटी अफझलपुरात. माहेर एक, घरातलं कानडी एक, बाजारातलं मराठी एक. आपल्या तालुक्यात अशी घरं कमी आहेत का? गल्लीत दहा सुना मोजल्या तर त्यातल्या दोन-तीन पलीकडच्या निघतात. सोयरीक जमवताना हद्दीचा दगड कुणी बघत नाही. मुलाची नोकरी बघतात, शेती बघतात, फार तर पाण्याची सोय बघतात. पण या दोघी बहिणी बसमध्ये बसल्या, की दगड तिथं हजर!

महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. त्यानंतर तीनच महिन्यांत, ११ जून २०२३ ला, कर्नाटकानं 'शक्ती' योजना सुरू केली आणि तिथल्या बायकांचा सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. त्या दिवसांत आपल्याकडच्या हळदीकुंकवापासून भाजीबाजारापर्यंत एकच विषय होता, 'त्यांचं फुकट, आपलं अर्धं'. मला मात्र तेव्हापासून वाटतंय, की तुलना करायची तर फुकट आणि अर्धं एवढीच करून भागणार नाही. सवलत कुणाला आहे, कुठल्या गाडीत आहे आणि कुठपर्यंत आहे, हे तिन्ही बघायला हवं.

आपली एसटी गाडीचा दर्जा बघत नाही. साधी लाल गाडी असो, निमआराम असो, शिवशाही असो की शिवनेरी, बाईला अर्धंच. पत्ताही विचारत नाही. कर्नाटकाचं उलट आहे. तिकडं पैसे अजिबात नाहीत, पण साध्या आणि एक्स्प्रेस गाडीतच. राजहंस, ऐरावत, वातानुकूलित, स्लीपर या वरच्या गाड्यांत पूर्ण तिकीट. शिवाय कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं, मग कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. आणि ही योजना राज्याच्या आतल्या प्रवासाची आहे. आपल्याकडं येणाऱ्या लांब पल्ल्याच्या आंतरराज्य गाड्या त्यात नाहीत.

आता लावा हिशेब. थोरली धाकटीच्या बाळंतपणाला अफझलपूरला निघाली. एसटीनं गेली तर हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढं पूर्ण. मागून आलेली कर्नाटकाची गाडी पकडली, तर अक्कलकोटच्या स्टँडपासूनच पूर्ण, कारण अर्ध्या तिकिटाची सवलत आपल्या एसटीपुरती. अफझलपुरात उतरून तिथून कलबुर्गीच्या दवाखान्यात जायचं झालं, तर कर्नाटकाच्या साध्या गाडीत शेजारच्या बाईला शून्याचं तिकीट मिळतं आणि हिला पूर्ण भरावं लागतं, हिच्या आधारवर अक्कलकोट आहे म्हणून. धाकटीला मात्र तिकडं फुकट आणि इकडं आली की आपल्या एसटीत अर्धं. मला धाकटीचा हेवा नाही. पण एकाच आईच्या दोन लेकींना एकाच रस्त्यावर दोन भाव, हे काही पटत नाही.

असं का होतं, याचं उत्तर सरळ आहे. कंडक्टर आपल्याकडून जे पैसे घेत नाही, ते राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. मुंबईची तिजोरी हद्दीपर्यंत भरते, बेंगळुरूची आपल्या मतदार बाईपुरती भरते. दोन्ही योजना आखताना डोळ्यांसमोर राज्याच्या मधोमध राहणारी बाई होती. नगरची, नाहीतर तुमकुरूची. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात असलेली बाई त्या कागदावर आलीच नाही.

याच रस्त्याला समांतर जाणारी रेल्वे बघा. सोलापूरहून निघालेली पॅसेंजर अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड करत कलबुर्गीला जाते. महाराष्ट्र कुठं संपला हे गाडीला कळतसुद्धा नाही. मासिक पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो, त्यात सोलापूर-कलबुर्गी बसतं. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलीला घर ते शाळा-कॉलेज दुसऱ्या वर्गाचा पास मोफत आहे. हे अजून कितीतरी आयांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. रेल्वेला राज्याचं काही नाही, तिथं भिंत आहे ती वर्गाची. दुसऱ्या वर्गाचा पास घेऊन स्लीपरच्या डब्यात बसलात तर दंड, आणि सुपरफास्ट गाडीला अधिभार वेगळा. अर्थात रेल्वेचं सगळंच गोड नाही. ५८ वर्षांवरच्या बायकांना निम्म्या भाड्याची सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच. आणि आपलं स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब! स्टेशनपर्यंत जायला रिक्षा करायची, तर पासमध्ये वाचलेलं तिथंच जातं.

आता जरा लांब जाऊ. युरोपात लक्झेंबर्ग नावाचा देश आहे, आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही लहान. शेजारच्या फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज हजारो माणसं तिथं कामाला येतात, म्हणजे देश असून प्रकार आपल्या तालुक्यासारखा. त्यांनी २०२० च्या फेब्रुवारीअखेर सगळ्या बस, ट्राम, रेल्वे फुकट केल्या. रेल्वेत दुसरा वर्ग फुकट आणि पहिल्या वर्गाला तिकीट, म्हणजे वर्गाची भिंत त्यांनीही ठेवली. पण तू कुठल्या देशाचा, हे कुणी विचारत नाही. फ्रान्सची बाई असो की आपल्याकडून गेलेली एखादी सून, गाडीत बसली की फुकट. हद्दीपलीकडून येणाऱ्याला तिकीट काढावं लागतं ते हद्दीपर्यंतच्या अंतराचं. तिकडं अख्ख्या युरोपासाठी रेल्वेचा एकच पासही मिळतो, तेहतीस देशांत चालतो. पहिल्या वर्गाचा पास असेल तर दुसऱ्या वर्गात खुशाल बसा, दुसऱ्याचा घेऊन पहिल्यात मात्र नाही. काही गाड्यांत आरक्षणाचे पैसे वरून द्यावे लागतात. पण देश बदलला म्हणून पास संपत नाही. कुठल्या रेल्वेला किती पैसे द्यायचे, याचा हिशेब त्या रेल्वे आपापसात करतात. प्रवाशाच्या डोक्याला ताप नाही.

असा हिशेब आपल्या दोन महामंडळांना नवीन आहे का? मुळीच नाही. तुमच्या इतक्या गाड्या आमच्या हद्दीत इतके किलोमीटर, आमच्या तुमच्याकडं तितक्या, असे करार दोन्ही राज्यांत पूर्वीपासून आहेत. म्हणूनच तर अक्कलकोटच्या स्टँडवर कर्नाटकाची गाडी लागते आणि स्वामींचं दर्शन घेऊन माणसं गाणगापूरला जातात. त्याच करारात एक कलम वाढवायचं. हद्दीपासून पलीकडच्या पहिल्या तालुक्याच्या गावापर्यंत दोन्हीकडच्या बायकांना निदान अर्धं तिकीट. सगळं राज्य कुणी मागत नाही. अक्कलकोटच्या बाईला अफझलपूर आणि आळंद मिळालं, तिकडच्या बाईला अक्कलकोट मिळालं, तरी बाळंतपणं, बारशी, दवाखाने यातलं पुष्कळसं भागेल.

हे होत नाही, कारण दोन्ही सरकारांना हद्द आठवते ती भांडायलाच. २०२२ च्या नोव्हेंबरात अक्कलकोटवर कर्नाटकानं हक्क सांगितला, तेव्हा आपलं गाव चार दिवस टीव्हीवर होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टर-ड्रायव्हरांना मारहाणीचे प्रकार झाले आणि कर्नाटकात जाणाऱ्या एसटी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. गाडीच नाही, तिथं अर्धं काय आणि फुकट काय! त्याआधी त्याच वर्षीच्या जानेवारीत दोन्ही राज्यांनी भाडं सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढवलं होतं. म्हणजे हद्दीपुढचं जे पूर्ण तिकीट आपण भरतो, ते आणखी फुगलं.

तोवर एवढं करा. आंतरराज्य एसटीत बसलात तर तिकीट हातात आल्यावर बघा, आपल्या हद्दीपर्यंतचं अर्धं धरलंय का. धरलं नसेल तर तिथंच विचारा, लाजू नका. पंचाहत्तरीच्या पुढच्या सासूबाईंना एसटी फुकट आहे, पण तीसुद्धा हद्दीपर्यंतच. पुढच्या तिकिटाचे सुटे पैसे आणि आधार कार्ड त्यांच्या पिशवीत आठवणीनं ठेवा. आणि पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं, इकडचं असो की तिकडचं, तर त्याला थोरलीच्या तिकिटाचा हिशेब विचारा. दुधनीत, वागदरीत, मैंदर्गीत राहणाऱ्यांनी तर विचाराच.