हाताला दिसतं, पण तुम्हाला?

‘अरे, मी फोनवर बोलत गाडी चालवतो, काही होत नाही!’ कॉलेजच्या पार्किंगमध्ये हे वाक्य कुणी ऐकलं नसेल असं नाही. पुरावाही तयार असतो. खड्डे चुकवले, वळणं घेतली, घरी पोचलो. यातलं काही खोटं नाही. पण म्हणून ‘मला सगळं दिसत होतं’ हे खरं ठरत नाही.

मेंदूविज्ञानात डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एक बाई आहेत. १९८८ मध्ये इटलीत अंघोळ करताना त्यांना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली. जीव वाचला, पण मेंदूला इजा झाली आणि समोरच्या वस्तूचा आकार ओळखता येईना. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर या शास्त्रज्ञांनी त्यांना टपालपेटीसारखी एक फट दाखवली. फट उभी आहे की आडवी? सांगता येईना. मग हातात कार्ड दिलं आणि आत टाकायला सांगितलं. हात बरोबर वळला, कार्ड आत!

याच्या उलट रुग्णही आहेत. बालिंट या हंगेरियन डॉक्टरांनी १९०९ मध्येच असा एक रुग्ण नोंदवला होता. वस्तू ओळखायचा, पण धरायला गेला की उजवा हात भलतीकडे.

१९९२ मध्ये गुडेल-मिल्नर यांनी मांडलं की मेंदूत नजरेच्या दोन वाटा आहेत. एक ‘हे काय आहे’ ते ओळखते, दुसरी हातापायांना चालवते. दोघी एकमेकींशी बोलतात, त्या किती वेगळ्या यावर वादही आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: वस्तू नजरेआड करून फक्त दोन सेकंद थांबवलं, तरी डी. एफ. यांच्या हाताचा अंदाज चुकायचा. हाताची वाट फक्त ‘आत्ता’पुरती जगते.

माझं म्हणणं इतकंच, की सफाईदार हात हा लक्ष असल्याचा पुरावा नाही. रस्त्यावर आलेला चेंडू हात चुकवतील. पण चेंडूमागे पोरगं धावत येणार, हे कोण ओळखणार? त्यासाठी ‘हे काय आहे’ विचारणारं डोकं जागेवर लागतं, आणि ते तर कॉलवर असतं.

कुणी म्हणेल, मग मागे बसलेल्या मित्राशीही बोलायचं नाही का? फरक आहे. त्याला समोरचा ट्रक दिसतो, तो गप्प होतो किंवा ओरडतो. फोनवरच्याला काहीच दिसत नाही, तो बोलत राहतो. इअरबड्स लावले, हात मोकळे झाले, म्हणूनही काही बदलत नाही. कारण अडचण हाताची नव्हतीच.

एवढा महत्त्वाचा कॉल असेल, तर गाडी बाजूला घ्या आणि बोला. दोन मिनिटं जातील, जाऊ द्या.